फॉग लाइटचा स्विच तापतो, उजेड पडत नाही: वायरिंग घरच्या घरी नव्यानं कशी ओढाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटंजीजवळच्या एका गावातून पहाटे चारला दुधाचे कॅन घेऊन यवतमाळला जाणाऱ्या एका भावाची २०१४ ची बोलेरो आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बाहेरून फॉग लाइट बसवून घेतले. आता स्विचला हात लावला की चटका बसतो, डावा लाइट मिणमिणतो, हॉर्न दाबला की दोन्ही लाइट दबतात. १५ अँपिअरचा फ्यूज सारखा उडायचा म्हणून कोणीतरी तिथं ३० चा टाकून दिला. ते विचारतात, १०० वॅटचे बल्ब टाकले तर उजेड वाढेल का, आणि ही वायरिंग घरीच नव्यानं ओढता येईल का?

भाऊ, वायरिंग घरी ओढता येईल, एका रविवारचं काम आहे. १०० वॅटचे बल्ब मात्र टाकू नका. आणि हे उत्तर पूर्ण वाचण्याआधी गाडीकडे जा, तो ३० चा फ्यूज काढा आणि मूळचा १५ चा लावा. तोवर फॉग लाइट बंद ठेवा.

का ते सांगतो. फ्यूज बल्ब वाचवायला नसतो, तो वायर वाचवायला असतो. जी वायर दहा-बारा अँपिअर सोसू शकते तिच्या तोंडाशी ३० चा फ्यूज ठेवला की शॉर्ट झाल्यावर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते. तुमचा १५ चा उडत होता याचं कारणही तुमच्या प्रश्नातच आहे. हॉर्न दाबला की लाइट दबतात, म्हणजे बसवणाऱ्यानं फॉगची लाइन हॉर्नच्या लाइनीतून उचलली आहे. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टनं भागा, सव्वानऊ अँपिअर आले. त्यात दोन हॉर्नचे आठ-दहा अँपिअर मिळवा. १५ चा फ्यूज उडणार नाही तर काय होईल? तो बिचारा त्याचं काम करत होता.

मी पांढरकवडा-वणी पट्ट्यात २६ वर्षांपासून गाड्यांची वायरिंग करतो. जीप, पिकअप, ट्रॅक्टर, कोळशाचे टिप्पर, सगळं हातून गेलं. कामाला लागून तीन वर्षं झाली असतील, तेव्हा एका जीपला मी फॉग लाइट लावून दिले होते. बॅटरीवरून सरळ वायर घेतली, मध्ये फ्यूज ठेवला नाही. गिऱ्हाईक घाईत होतं, मीही घाईत होतो. पाच-सहा महिन्यांनी ती जीप वऱ्हाड घेऊन परत येत असताना रेडिएटरच्या पत्र्यावर घासून घासून त्या वायरचं आवरण गेलं आणि बोनेटमधून धूर निघाला. बायापोरं वेळेत उतरली, कोणाला काही झालं नाही. जीपची पुढची सगळी वायरिंग मात्र कोळसा झाली. ती मी पदरच्या पैशानं नव्यानं ओढून दिली. तेव्हापासून बॅटरीवरून निघणाऱ्या वायरला पहिल्या वीतभर अंतरात फ्यूज नसेल तर ते काम मी हातात घेत नाही. फ्यूज डॅशबोर्डजवळ लावला तर बॅटरीपासून तिथवरची सगळी वायर उघडीच राहिली, हे लक्षात ठेवा.

आता उजेडाचं. बहुतेक लोक माझ्याकडे येऊन एकच म्हणतात, "भाऊ, लाइट तं लागते, पण उजेड नाही पडत." आणि बल्ब बदलून मागतात. बल्बात खोट क्वचितच असते. उजेड वाटेत सांडलेला असतो.

तुमच्या गाडीत करंट कसा फिरतो ते डोळ्यांसमोर आणा. बोनेटमधून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत, स्विचमधून परत बंपरपर्यंत. साधारण सहा मीटर झाले. वायर असेल एक एमएमची, म्हणजे एक चौरस मिलिमीटर तांब्याची. एक एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. सहा मीटरला ०.१ ओहम. नऊ अँपिअर त्यातून नेले की जवळपास एक व्होल्ट वायरीतच गेला. स्विचच्या पत्त्या, पिळून टेप मारलेले जोड, गंजलेला अर्थ (बॉडीवरून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी परतीची जोडणी), यांत अजून एक-सव्वा व्होल्ट जातो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट दिसतात आणि बल्बच्या होल्डरवर ११.६, हे मी मीटर लावून कितीदा तरी पाहिलं आहे. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी झपाट्यानं पडतो. व्होल्ट दहा टक्के कमी झाले तर उजेड तीस टक्के जातो. १३.८ चे ११.६ झाले की उजेड जवळजवळ निम्मा.

म्हणून १०० वॅटचे बल्ब टाकून काही साधत नाही. दोन बल्ब मिळून सतरा अँपिअरच्या आसपास ओढतील, त्याच बारीक वायरीत तितका जास्त व्होल्ट जाईल, स्विच वितळेल. शिवाय ५५ वॅटसाठी बनवलेल्या लाइटचा रिफ्लेक्टर आणि होल्डर त्या उष्णतेनं करपतात. रिफ्लेक्टर काळा पडला की चांगला बल्ब लावूनही उजेड येत नाही.

स्विच तापण्याचंही हेच गणित आहे. पत्त्यांवर ०.१ ओहमचा रोध बसला की नऊ अँपिअरला आठ वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत तयार होते. पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या एक तृतीयांश. त्यात थंड फिलामेंटचा रोध फार कमी असल्यानं लाइट लावताना पहिल्या क्षणी कितीतरी पट जास्त करंट धावतो आणि पत्त्यांवर ठिणगी पडते. डॅशबोर्डचा स्विच या कामासाठी नसतोच.

उपाय रिले, म्हणजे थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच. रिलेचं काम पाटाच्या पाण्यासारखं समजा. शेतातली पाळी बदलायला आपण पाणी हातात घेऊन चालत नाही, दांडाचं तोंड तेवढं उघडतो. स्विचनं फक्त रिलेचं तोंड उघडायचं. त्याला दीड-दोनशे मिलिअँपिअर पुरतात, म्हणजे ०.१५ ते ०.२ अँपिअर. नऊ अँपिअरचा मोठा करंट बॅटरीवरून फ्यूज, फ्यूजवरून रिले, रिलेवरून लाइट असा बोनेटमध्येच, जवळच्या वाटेनं जाईल. केबिनमध्ये तो येतच नाही.

दुकानात १२ व्होल्टचा, चार पिनांचा, ३० किंवा ४० अँपिअरचा रिले मागा, वायरींसकट सॉकेट मागा. पिनांवर आकडे असतात. ३० वर बॅटरीची फ्यूजमधून आलेली लाइन. ८७ वरून लाइटकडे जाणारी वायर. ८६ वर स्विचमधून आलेली बारीक वायर. ८५ अर्थला. पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली ८७ए ही पिन मोकळी सोडा, तिला टेप मारून ठेवा. ती रिले बंद असताना चालू असते, तिथं लाइट जोडला तर गाडी उभी असताना लाइट लागलेला राहील. ज्या रिलेच्या आत डायोड असतो त्याला ८६ पॉझिटिव्ह आणि ८५ निगेटिव्ह हेच लागतं, उलट जोडलं तर डायोड जातो. सवयच अशी लावा की ८६ नेहमी पॉझिटिव्ह.

वायर घेताना सावध राहा. बॅटरी ते रिले आणि रिले ते लाइटच्या फाट्यापर्यंत २.५ एमएम, तिथून प्रत्येक लाइटला १.५ एमएम, स्विचला ०.७५ एमएम पुरे. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड. अडीच एमएमच्या तीन मीटर वायरीत नऊ अँपिअरला ०.२ व्होल्टच्या आत तोटा होतो. जुन्या एका व्होल्टशी ताडून पाहा. घरच्या फिटिंगची उरलेली वायर वापरू नका, हे मी हात जोडून सांगतो. तिचं साधं आवरण ७० अंशांपर्यंतचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५-४६ अंश असतात, इंजिनजवळ काय होत असेल? एकच जाड तार असलेली वायर तर गाडीच्या थरथरीनं आतल्या आत तुटते. बारीक तारांची, १०५ अंशांची ऑटो वायर मागा. आणि टोक ब्लेडनं खरवडून पाहा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ती वायर परत करा. तिचा रोध दीडपट असतो आणि टोकाशी लवकर मोडते.

याशिवाय पाण्यापासून वाचवणारा फ्यूज होल्डर, १५ चा निळा फ्यूज आणि एक जास्तीचा, थिंबल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी), कोरुगेटेड पाइप, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, रबर ग्रोमेट (पत्र्याच्या छिद्रात बसणारी रबरी कडी), क्रिंपिंगची म्हणजे थिंबल दाबायची पक्कड, टेस्ट लॅम्प आणि साधा मीटर. मीटर नसेल तर गावातल्या टीव्ही-मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून दिवसापुरता मागून आणा. मीटरशिवाय ह्या कामात अंदाज चालतो आणि अंदाजानं काय होतं ते तुमच्या गाडीत दिसतंच आहे.

कामाला सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह काढून करा. आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते, निगेटिव्ह आधीच काढलेली असेल तर काही होत नाही.

मग जुनी बाहेरून टाकलेली वायरिंग पूर्ण काढा. अर्धी ठेवून अर्धी नवी करू नका. हॉर्नच्या वायरीला जिथं ती जोडली होती तिथलं आवरण सोललेलं असेल, तिथं नीट हीट श्रिंक चढवा. शेवटी निगेटिव्ह जोडल्यावर हॉर्न वाजवून पाहा, त्याची लाइन पूर्वीसारखी एकटी झाली पाहिजे.

रिले बोनेटमध्ये बॅटरीच्या बाजूच्या पत्र्यावर बसवा, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून आणि टर्बोपासून लांब. पिना खाली येतील असा. पिना वर ठेवल्या तर गाडी धुताना पाणी सॉकेटमध्ये साचतं आणि वर्षभरात हिरवा गंज धरतो.

वायर आधी नुसती अंथरून पाहा, मग कापा. पंख्याचा पट्टा, स्टिअरिंगचा रॉड, गरम पाइप यांच्यापासून हातभर लांब. पत्र्याच्या छिद्रातून जाताना ग्रोमेट पाहिजेच. इंजिन हलतं, बॉडी वेगळी हलते, म्हणून इंजिनला कुठेही वायर बांधू नका. पूर्ण लांबी कोरुगेटेड पाइपात घाला आणि वीत-वीत अंतरावर पट्टीनं बांधा. काळी चिकट टेप एकटीच्या भरवशावर सोडू नका, आपल्या उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून ती सुटते आणि त्या चिकटपणावर धूळ बसते.

जोडांबद्दल वाद घालणारे पुष्कळ भेटतील. माझं मत पक्कं आहे. गाडीत थिंबल दाबून केलेला जोड सोल्डरपेक्षा बरा. सोल्डर जिथं संपतो तिथं तार कडक होते आणि थरथरीनं नेमकी तिथंच मोडते. थिंबल दाबल्यावर जोर लावून ओढून पाहा. निघाली तर ती रस्त्यात निघणारच होती. वर हीट श्रिंक. हातानं पिळून टेप मारलेला जोड नको, अगदी तात्पुरता म्हणूनही नको.

आता अर्थ. इथं मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमचा डावा लाइट मिणमिणतो त्याचं कारण मला इथंच दिसतं. बॅटरीतून निघालेला करंट बॅटरीत परत गेलाच पाहिजे. पॉझिटिव्ह वायर आपण जपून ओढतो आणि अर्थ म्हणजे कुठल्याही स्क्रूखाली दाबलेली वायर, असं होतं. गंजलेल्या किंवा रंगाच्या थरावर दाबलेल्या थिंबलमध्ये तितकाच व्होल्ट जातो जितका खराब स्विचमध्ये जातो. काही गाड्यांत लाइटच्या क्लॅम्पवरच अर्थ सोडलेला असतो. बंपर फायबरचा असेल तर तिथं अर्थ मिळतच नाही, आणि लोखंडी असेल तर त्याच्या बोल्टांवर गंज असतो. मग करंट दुसरी वाट शोधतो. इंडिकेटर लावला की फॉग लुकलुकतो, पार्किंग लावलं की मंद होतो, असे चाळे तेव्हाच सुरू होतात.

दोन्ही लाइटच्या अर्थच्या वायरी एका जागी आणा. बॉडीवरची अशी जागा निवडा जिथं आधीच कंपनीचा अर्थचा बोल्ट आहे, किंवा जाड पत्रा आहे. रंग पूर्ण खरवडून धातू चकाकला पाहिजे. गोल थिंबल, वर दातेरी वॉशर, मग नट आवळा. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा रंग लावा, आधी नाही. जमलं तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं घासून परत बसवा. जुन्या गाड्यांत त्या एका पट्टीनं सेल्फपासून हेडलाइटपर्यंत सगळंच सुधारतं. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर बसवलेला असतो, तिथं थेट टर्मिनलवर काही जोडायचं नाही, बॉडीवरच जोडायचं.

स्विचला लाइन कुठून घ्यायची? बॅटरीवरून घेतली तर चावी काढल्यावरही फॉग लागू शकतो आणि सकाळी गाडी धक्क्यावर. मी पार्किंग लाइटच्या लाइनीतून घेतो. पार्किंग बंद केलं की फॉग आपोआप बंद, विसरायचा प्रश्न नाही. रिलेची कॉइल ०.२ अँपिअरच्या आत भागवते, म्हणून पार्किंगच्या फ्यूजवर भार पडत नाही. तेवढ्यापुरती निगेटिव्ह जोडून, टेस्ट लॅम्प लावून पार्किंगची वायर हुडका, नॉब पहिल्या टप्प्यावर फिरवला की लॅम्प लागतो, बंद केला की विझतो ती वायर. फ्यूज बॉक्समध्ये बसणारा फ्यूज टॅप मिळतो, त्यात ३ किंवा ५ चा फ्यूज टाकून लाइन घ्या. वायरीवर चिमट्यासारखे बसणारे क्लिप कनेक्टर मी वापरत नाही. ते आतल्या तारा कापतात आणि तिथून ओल शिरते. डॅशबोर्डखाली हात घालताना पिवळ्या पाइपातली किंवा पिवळ्या कपलरची वायर दिसली तर तिला हात लावू नका, ती एअरबॅगची असते. टेस्ट लॅम्पसुद्धा टोचू नका.

आतून दिवा असलेला तीन पिनांचा स्विच घेतला असेल तर एक पिन लाइनची, एक रिलेकडे जाणारी, एक स्विचच्या दिव्याच्या अर्थची. अर्थ आणि रिलेची पिन अदलाबदल झाली की स्विच दाबताच फ्यूज उडतो. निम्मे लोक इथं चुकतात आणि मग रिलेला दोष देतात. कुठली पिन कोणती हे मीटरनं आधी पाहून घ्या.

सगळं जोडून झालं की १५ चा फ्यूज लगेच टाकू नका. फॉगचे दोन्ही बल्ब काढा, आणि फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी लावा. आता निगेटिव्ह जोडा आणि स्विच लावा. रिले टक् वाजला पाहिजे आणि तो २१ वॅटचा बल्ब विझलेलाच राहिला पाहिजे. लखकन लागला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि त्या बल्बनं तुमची वायर जळू दिली नाही. शॉर्ट सापडल्यावरच फ्यूज टाका. फॉगचे बल्ब परत बसवताना काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटनं पुसा.

मग इंजिन चालू ठेवून लाइट दहा मिनिटं जळू द्या. प्रत्येक जोडावर, फ्यूज होल्डरवर, रिलेच्या सॉकेटवर हात ठेवून पाहा. कोमट लागला तो जोड पुन्हा करा. मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी लाइटच्या पॉझिटिव्हला लावा, लाइट जळत असताना. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं पाहिजे. तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून लाइटच्या अर्थपर्यंत ०.२ व्होल्टच्या आत. हे दोन आकडे आले तर तुमचं काम कुठल्याही दुकानाच्या कामाच्या तोडीचं झालं.

एवढं करून लाइटचं तोंड नीट नसेल तर धुवारीत, म्हणजे धुक्यात, उपयोग नाही. मार्गशीर्ष-पौषात पैनगंगा-वर्धेच्या काठानं, नाल्याच्या खोलगट भागात पहाटे धुवारी उतरते तेव्हा हेडलाइटचा अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. हवेतले पाण्याचे थेंब उजेड परत आपल्याच डोळ्यांवर फेकतात. फॉग लाइट खाली बसवतात आणि त्याचा झोत वरून सपाट कापलेला, आडवा पसरट असतो तो यासाठी, म्हणजे उजेड डोळ्यांसमोरच्या धुवारीत न जाता तिच्या खालून रस्त्याच्या कडेला पडावा. हेडलाइटच्या वर किंवा टपावर लावलेला लाइट धुवारीत नुकसानच करतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या १११ व्या नियमानं समोर स्पॉटलाइट-सर्चलाइट लावायला तशीही मनाई आहे, नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीनं अपवाद असतील तेवढेच.

पिवळा की पांढरा, हेही लोक विचारतात. पिवळा उजेड धुवारी चिरून जातो असं मीही वर्षानुवर्षं मानत होतो. पाण्याचा थेंब प्रकाशाच्या लहरीच्या मानानं फार मोठा असतो, तो सगळे रंग सारखेच उधळतो. पिवळा काही जणांच्या डोळ्यांना कमी टोचतो, त्यांनी पिवळा लावावा. झोताचा आकार आणि तोंड मात्र दोघांनाही बरोबर हवं. हॅलोजनच्या लाइटमध्ये एलईडीचा बल्ब घालणाऱ्यांचं इथंच चुकतं, रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेनुसार घडवलेला असतो, एलईडीनं झोत फाटतो आणि वर उडतो. एलईडी हवाच असेल तर पूर्ण लाइटच एलईडीचा घ्या. तो करंट कमी ओढतो, पण फ्यूज आणि अर्थ त्यालाही असेच लागतात.

तोंड लावण्यासाठी संध्याकाळी गोदामाच्या भिंतीसमोर सपाट जागेवर गाडी २५ फुटांवर उभी करा. गाडी रिकामी नको. तुम्ही रोज भरलेले कॅन मागे घेऊन जाता, मागचा भाग बसतो आणि नाक वर उचललं जातं. तेवढाच भार ठेवा, टायरची हवा बरोबर ठेवा. जमिनीपासून लाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूनं रेघ मारा. झोताची वरची कड त्या रेघेच्या चार इंच खाली आली पाहिजे. दोन्ही लाइट सरळ समोर, आत-बाहेर वळवलेले नकोत. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये याची ही चार इंच काळजी घेतात. आपल्या रस्त्यांवर त्याच महिन्यांत कापसानं लादलेल्या बंड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहाटेच निघतात, मागे लाल दिवा नसतो, रोही (नीलगाय) अचानक आडवा येतो. डोळे दिपलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. तुमच्या ओळखीतल्या बंडीवाल्यांना मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावून द्या, तुमच्या फॉगचा उजेड तिच्यावरच चमकणार आहे. फॉग लोअरसोबत लावा, अप्परसोबत नको, आणि धुवारी संपली की बंद करा.

देखभाल थोडीच आहे. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर अर्थचा बोल्ट आणि फ्यूज होल्डर उघडून पाहा. लाइटच्या आत वाफ धरत असेल तर मागचं रबर आणि खालचं छिद्र तपासा, ते छिद्र चिखलानं बुजलेलं असतं. सुगीत उंदीर गरम बोनेटमध्ये शिरतात. लोक तंबाखूची पानं ठेवतात, मला त्याचा भरवसा नाही. गाडी कुटाराच्या (भुशाच्या) ढिगाजवळ आणि सोयाबीनच्या पोत्यांजवळ लावू नका, आणि वायरीचा लोंबता फास कुठे ठेवू नका, उंदीर तोच आधी धरतो.

कंपनीच्या वॉरंटीतली नवी गाडी असती तर मी हे काम घरी करायला सांगितलं नसतं. त्यात कंपनीची तयार फॉग वायरिंग कपलरसकट मिळते, ती त्यांच्याकडूनच लावून घेतलेली बरी. वॉरंटीत वायर कापली की ते हात वर करतात, आणि आग लागली तर विम्यातही अडचण येऊ शकते. तुमच्या २०१४ च्या गाडीला वॉरंटीची काळजी नाही.

वायरिंग झाल्यावर मीटरचे ते दोन आकडे, पॉझिटिव्हचा आणि अर्थचा, मला लिहून पाठवा. अर्थचा आकडा ०.२ च्या वर आला तर दुसरं काही करण्याआधी इंजिनची अर्थ पट्टी काढून घासा.